जुन्या नौकेवरचा व्हीएचएफ रेडिओ: ऐकू येते, पण बोलायला गेले की संच बंद पडतो

प्रश्न

मी नुकतीच एक जुनी शिडाची नौका घेतली आहे. तिच्या केबिनमध्ये आधीच्या मालकाने बसवलेला व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे इतर नौकांशी आणि किनाऱ्याशी बोलण्याचा संच, आहे; मात्र त्याची माहितीपुस्तिका मिळालेली नाही आणि बटणांवरची अक्षरेही बरीचशी पुसली गेली आहेत. चालू केल्यावर सतत खरखर येते आणि अधूनमधून मोठ्या जहाजांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. परंतु २५ वॅटवर माईकचे बटण दाबले की पडद्यावरचे आकडे मंदावतात, आणि एकदा तर संचच बंद पडला. १ वॅटवर तसे होत नाही. नव्या रेडिओंवर झाकणाखाली असते ते संकटकाळी दाबायचे लाल बटण यावर नाही. घरच्या मंडळींना घेऊन किनाऱ्यापासून दूर जाण्यापूर्वी हा रेडिओ मला नीट वापरता यायला हवा. सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलायचे म्हटले की मला काही सुचत नाही. सुरुवात कोठून करावी, आणि हा संच ठेवावा की काढावा?

उत्तर १

१ वॅटवर संच चालतो आणि २५ वॅटवर कोलमडतो, हे आपण नोंदवले ते फार चांगले केले, कारण बहुतेक वेळा दोष रेडिओत नसून त्याला वीज पुरवणाऱ्या तारांत असतो हे त्यावरूनच कळते. नुसते ऐकताना संच अगदी थोडा प्रवाह घेतो. पूर्ण शक्तीने बोलताना मात्र त्याला पाच-सहा अँपिअर लागतात, आणि वाटेत कोठे तार कळंकलेली असेल किंवा फ्यूजची बैठक सैल असेल, तर तेवढ्या प्रवाहाला तेथेच अडथळा होऊन व्होल्टेज पडते. मल्टिमीटरची टोके रेडिओच्या मागच्या तारांवर धरा आणि दुसऱ्या कोणाला क्षणभर बटण दाबायला सांगा. बॅटरीवर १२.५ व्होल्ट असताना रेडिओपाशी ते ११ च्या खाली जात असतील, तर बॅटरीपासून एकेक जोड तपासत पुढे या.

ही चाचणी करण्यापूर्वी अँटेना खरोखर जोडलेला आहे ना, हे पाहून घ्या. अँटेना नसताना किंवा त्याची केबल तुटलेली असताना बटण दाबले, तर बाहेर जाऊ न शकलेली शक्ती संचातच परत येते आणि प्रक्षेपण करणारा भाग जळू शकतो. डोलकाठीच्या तळाशी केबलचा जो कनेक्टर असतो, त्याच्यावरची टेप सोडवून आत पाहा. माझ्या नौकेवर बाहेरून सारे ठीक दिसत होते, पण केबल सोलली तेव्हा आतली तांब्याची जाळी एक वीतभर काळी पडलेली निघाली आणि बोटांनी चोळताच तिचा चुरा झाला. अशी केबल पुन्हा वापरू नये. नवी घ्यायची असेल तर जाड घ्या, कारण आरजी-५८ सारख्या बारीक केबलच्या पंधरा मीटर लांबीत जवळपास निम्मी शक्ती वाटेतच संपते. आरजी-२१३ मध्ये हे नुकसान पुष्कळ कमी होते.

खरखरीचे कारण साधे आहे: स्क्वेल्च, म्हणजे खरखर गाळणारी सोय, पूर्ण उघडा राहिला आहे. ते बटण खरखर थांबेपर्यंत सावकाश फिरवा आणि थांबताच सोडून द्या. त्याहून पुढे नेले, तर दूरच्या नौकेचा क्षीण आवाजही त्याबरोबर गाळला जातो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, तर बोलताना रेडिओपाशी जेमतेम १०.४. फ्यूजची बैठक उघडली, तेव्हा तिची स्प्रिंग हिरवी पडलेली आढळली. ती बदलल्यावर २५ वॅटवरही आकडे स्थिर राहतात. केबल या आठवड्यात बदलतो. आता प्रश्न उरला तो बोलण्याचा.

उत्तर २

काही दिवस बटणाला हातही न लावता नुसते ऐका, असे मी आग्रहाने सांगेन. हाक मारण्याचे आणि संकटसंदेशाचे चॅनेल १६ लावून ठेवा: कोण कोणाला हाक मारतो, उत्तर मिळताच दोघे कोणत्या चॅनेलवर जातात, हे कानांवर पडत राहिले की बोलण्याची घडी आपोआप बसते. मग वही घेऊन आपले वाक्य आधी लिहा. समोरच्या नौकेचे नाव, मग आपले नाव, आणि मग ‘ओव्हर’, म्हणजे ‘माझे झाले, आता तुम्ही बोला’. संभाषण संपले की ‘आउट’. दोन्ही शब्द एकत्र म्हणू नयेत, कारण एक उत्तर मागतो आणि दुसरा संभाषण मिटवतो.

बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द तुटतो. माईक तोंडापासून चार बोटे दूर धरा. ओरडू नका, त्याने आवाज फाटतो. बोलून झाल्यावर बटण खरेच सुटले आहे का, तेही पाहा; गादीखाली दाबला गेलेला एक माईक साऱ्या परिसराचे चॅनेल १६ अडवून धरू शकतो, आणि ज्याच्यामुळे हे घडते त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नसल्याने ते कळतही नाही. चाचणी १६ वर न करता ओळखीच्या नौकेशी ठरवून, नौकांमधील संभाषणासाठी राखलेल्या चॅनेलवर आणि १ वॅटवर करा.

संकटसंदेश मात्र कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून रेडिओशेजारी चिकटवाच. ‘मेडे’ तीनदा, नौकेचे नाव तीनदा. मग पुन्हा एकदा ‘मेडे’ आणि नाव, त्यानंतर ठिकाण, काय घडले, कोणती मदत हवी, नौकेवर किती माणसे आहेत, आणि शेवटी ‘ओव्हर’. ठिकाण आधी सांगायचे ते एवढ्यासाठी, की संदेश मध्येच तुटला तरी शोधणाऱ्यांना दिशा मिळावी. हा कागद घरच्या प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घ्या, अर्थात रेडिओ बंद ठेवून. आपणच पाण्यात पडलात, तर तो त्यांनाच वाचावा लागणार आहे. जिवाला धोका नाही पण मदत तातडीने हवी, उदाहरणार्थ इंजिन बंद पडून नौका वाहवत चालली आहे, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ तीनदा म्हणतात.

उत्तर ३

संच ठेवावा की काढावा, याविषयी थोडे. व्हीएचएफच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे पल्ला वॅटपेक्षा उंचीवर अधिक ठरतो. दोन नौकांचे अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर असतील तर सुमारे ९ सागरी मैल, आणि किनाऱ्यावरचा अँटेना १०० मीटर उंचीवर असेल तर २५ च्या आसपास, एवढाच हिशेब धरावा. आपला अँटेना डोलकाठीच्या टोकावर असेल, तर या जुन्या संचाचा आवाजही नव्याइतकाच दूर जाईल.

तरीही कुटुंबासह जाणार असाल, तर मी तो बदलेन. त्या लाल बटणाने चॅनेल ७० वरून एमएमएसआय, म्हणजे नौकेची ओळख पटवणारा नऊ अंकी क्रमांक, आणि ठिकाण न बोलता जाते, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढेच जमते. मात्र रेडिओला जीपीएस मिळत असेल तरच ठिकाण आपोआप जाते; काही संचांत जीपीएस आतच असतो, नसेल तर जोडून घ्यावा लागतो. जुना संच सुटी बॅटरी लावून जोडीला राहू द्या. परवाना आणि चालवण्याचे प्रमाणपत्र यांचे आपल्या देशातले नियमही पाहून घ्या. बदली संच कोणी वापरलेला घेणार असाल, तर त्यात पहिल्या मालकाचा क्रमांक भरलेला असेल आणि तो बहुधा आपल्याला स्वतः पुसता येणार नाही. विक्रेत्याकडून पुसून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, नाहीतर आपण मदत मागाल तेव्हा शोध दुसऱ्याच नौकेचा सुरू होईल.