एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स : डॉकर एक की दोन?

उंबरठा (धागाकर्ती)

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत, चालू करताना हवं ते निवडायचं. काम सगळं डॉकरच्या कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या डब्यांत) चालतं : पायथनचं एक ॲप, पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस. दोन्हीकडे तेच काम करायचं तर डेटा दोनदा कशाला ठेवायचा, असं वाटलं. म्हणून दोन्हीकडून दिसेल असं एक एनटीएफएस (विंडोजच्या फाइल सिस्टमचं) पार्टिशन केलं, पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर तिथे हलवलं आणि कंपोझ फाइलमध्ये (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी फाइल) त्याचाच पत्ता दिला.

लिनक्समध्ये पोस्टग्रेस उठेचना. लॉगमध्ये तक्रार एकच : डेटा फोल्डरची मालकी चुकीची आहे, फोल्डर ज्याच्या मालकीचं त्यानेच सर्व्हर सुरू करावा. मी 'चाऊन' (मालक बदलायची आज्ञा) चालवलं. काही न बोलता परतलं, एरर नाही की काही नाही. मग 'एलएस -एल' केलं तर मालक म्हणून माझंच नाव, जसंच्या तसं. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

शोधल्यावर कळलं की मी वापरत होते तो एनटीएफएस-३जी ड्रायव्हर, माउंट करताना (पार्टिशन जोडताना) परवानग्यांचा पर्याय दिला नसेल तर, मालकी बदलायची आज्ञा ऐकून घेतो आणि गप्प बसतो. मुद्दाम तसा बनवलाय. पोस्टग्रेस मात्र या बाबतीत कडक, आणि ते योग्यच आहे.

दोन दिवसांनी आणखी एक. ते पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येऊ लागलं. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. 'शट डाउन' दाबलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची (ओएसच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर लिहून झोपी जातं. अशा पार्टिशनवर लिनक्सने लिहिलं तर नासाडी व्हायची, म्हणून ड्रायव्हर लिहूच देत नाही.

तर माझं ठाम मत : डॉकरचा साठा दोन ओएसमध्ये वाटून घेऊ नये. दोन्हीकडे स्वतंत्र डॉकर ठेवावं आणि समाईक फक्त रिपो असावा, म्हणजे कोड, डॉकरफाइल आणि कंपोझ फाइल. कंटेनर म्हणजे शेवटी लिनक्स कर्नलवर चाललेली प्रोसेस, नेमस्पेस आणि सीग्रुप या कर्नलच्याच सोयींच्या कुंपणात ठेवलेली. विंडोजवर तो कर्नल उसना आणावा लागतो, एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, आणि त्या मशीनची डिस्कही वेगळी, व्हीएचडीएक्स फाइलच्या पोटात. म्हणजे दोन्हीकडे मिळून 'एकच डॉकर' असं काही आपल्या लॅपटॉपवर कधी नव्हतंच.

तुमचं काय मत?

रात्रपाळी

असहमत. निदान पूर्ण मुळाशी तरी तुम्ही गेला नाहीत. अडचण डॉकरची नाही, ड्युअल बूटची (एका लॅपटॉपवर दोन ओएसची) आहे.

२०१६ सालचं पहिलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लिनक्सच्या सिस्टम कॉलचं (प्रोग्रॅम कर्नलकडे करतो त्या मागण्यांचं) भाषांतर करायचं, त्यावर डॉकर चालवणं अवघडच होतं. डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल आहे आणि २०२० पासून तो विंडोज १० मध्ये सर्वांना मिळतो. मग रीबूट करून पलीकडे जायचंच कशाला? उबुंटू विंडोजच्या आतच बसवा. एकच डॉकर, एकच साठा, पार्टिशनची भानगड नाही. मी तीन वर्षं असंच करतोय.

उंबरठा

तुमचं काम त्यात भागत असेल तर छानच. माझं भागत नाही. माझ्याकडे ८ जीबी रॅम आहे. डब्ल्यूएसएल २ ला मूळ सेटिंगमध्ये निम्म्यापर्यंत रॅम घेता येते, उरलेल्यात विंडोज आणि ब्राउझर. मोठं बिल्ड लावलं की माउससुद्धा अडखळतो. तेच बिल्ड उबुंटूत थेट बूट करून केलं तर सगळी रॅम कामाला येते. शिवाय मला यूएसबीवरून एका बोर्डात प्रोग्रॅम भरावा लागतो. ते यंत्र डब्ल्यूएसएलच्या आत न्यायला वेगळं साधन बसवून दर वेळी जोडावं लागतं.

आणि एक प्रश्न : तुमचा कोड असतो कुठे? सी ड्राइव्हवर?

रात्रपाळी

नाही, सी ड्राइव्हवर अजिबात नाही. हे तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण इथेच बहुतेक जण अडकतात आणि दोष डॉकरला देतात. कोड '/एमएनटी/सी' खाली असेल तर लिनक्सला दर फाइलसाठी ९पी प्रोटोकॉलवरून विंडोजकडे जावं लागतं. छोट्या फाइलींचा ढीग असला, जसं की नोडचं मॉड्यूल फोल्डर, की जीव जातो. फाइल बदलल्याची आयनोटिफायची सूचनाही तिकडून येत नाही, त्यामुळे कोड सेव्ह करून बसलात तरी ॲप आपोआप रीलोड होत नाही. कोड डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, दोन्ही तक्रारी जातात.

रॅमचा मुद्दा मान्य. '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' मध्ये मर्यादा घालता येते, पण ८ जीबीचे १६ होत नाहीत.

जुना खांब

दोघांशीही असहमत. 😊

उंबरठा, तुम्ही एनटीएफएस निवडलंत ही चूक, साठा वाटून घेतलात ही नाही. समाईक पार्टिशन ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टम) करा. 'डब्ल्यूएसएल --माउंट' ने ते विंडोजमधूनही जोडता येतं. दोन्हीकडे डॉकरचं डेटा-रूट (साठ्याचं फोल्डर) तिथे वळवा. दोन ओएस एका वेळी चालत नाहीत, म्हणजे दोन डिमन (मागे चालणारे डॉकरचे प्रोग्रॅम) एकाच फोल्डरवर तुटून पडायची भीतीही नाही. माझ्या इमेज (कंटेनर ज्यांवरून बनतात ते साचे) ९० जीबीच्या आहेत. त्या दोनदा ठेवायला मला परवडत नाही. 'दोन स्वतंत्र ठेवा' हे सांगायला सोपं आहे.

उंबरठा

जागेची अडचण खरी आहे, ती मी वरच्या पोस्टमध्ये हलक्यात घेतली. पण उपाय तुम्ही म्हणता तितका सरळ नाही. 'डब्ल्यूएसएल --माउंट' पार्टिशन जोडत नाही, अख्खी डिस्क जोडतं, आणि विंडोज स्वतः ज्या डिस्कवर आहे ती त्याला देता येत नाही. तुमच्याकडे दुसरा एसएसडी असणार. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर हा रस्ता बंद.

दुसरा एसएसडी असला तरी एक शंका राहते. डिस्क डब्ल्यूएसएलला जोडलेली असताना विंडोज हायबरनेट केलं आणि लिनक्समध्ये शिरलात तर? झोपलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या लेखी ते ईएक्सटी४ अजून माउंटच आहे. लिनक्स त्यावर लिहिणार, मग विंडोज जागं होऊन आपल्या जुन्या समजुतीने पुन्हा लिहिणार. एनटीएफएसला झोपल्याची खूण तरी असते, इथे कोणी अडवणारं नाही.

जुना खांब

दुसरा एसएसडी आहे, बरोबर ओळखलंत. हायबरनेट मी कायमचं बंद केलंय, म्हणून मला झळ लागली नाही. पण हे सांगायला हवं होतं, राहिलं. ज्यांना माझा मार्ग घ्यायचा असेल त्यांनी आधी हायबरनेट बंद करावं. आणि दोन्हीकडे डॉकर इंजिनची आवृत्ती एकच ठेवावी.

तरीही जागेचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

कोरी पाटी

मी नवीन आहे, वादात पडण्याइतकं कळत नाही. पण माझ्याकडेही दोन ओएस आहेत. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलमध्ये इमेज बिल्ड करताना 'ॲप्ट-गेट अपडेट' (पॅकेजची यादी ताजी करणारी आज्ञा) पडतं, म्हणतं की रिलीज फाइल अजून वैध नाही, अमुक तासांनी होईल. गंमत म्हणजे लिनक्स वापरून परत आलं की हमखास होतं, आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतं. डॉकर दोनदा काढून टाकलं. कोणी सांगेल का?

रात्रपाळी

डॉकर काढू नका, घड्याळ बघा. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं. लिनक्स बंद करून विंडोजमध्ये आलात की विंडोज ती यूटीसी स्थानिक वेळ समजून वाचतं. तुमची वेळ यूटीसीच्या पुढे असेल तर विंडोज तेवढे तास मागे पडतं. डब्ल्यूएसएल आपलं घड्याळ विंडोजकडून घेतं आणि कंटेनर डब्ल्यूएसएलकडून. मग आज सकाळी सही झालेली रिलीज फाइल ॲप्टला उद्याची वाटते. इंटरनेटवरून वेळ जुळली की सगळं सुरळीत, म्हणून 'आपोआप थांबतं'.

विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ची किंमत १ करा, म्हणजे तेही यूटीसी वाचेल. लिनक्सला स्थानिक वेळ वाचायला लावायचा पर्यायही आहे, 'टाइमडेटसीटीएल' मध्ये, पण सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) स्वतःच त्याविरुद्ध ताकीद देतं.

(आणि ड्युअल बूट नसतं तर हा प्रश्न आलाच नसता, एवढं बोलून घेतो.)

उंबरठा

लॅपटॉप झोपवून उठवल्यावरही डब्ल्यूएसएलचं घड्याळ मागे राहिल्याचं मी पाहिलंय, ड्युअल बूटचा काही संबंध नसताना. तेव्हा सगळं खापर ड्युअल बूटवर नको. कोरी पाटी, तसं झालं तर 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करून पुन्हा सुरू करा.

आता जुना खांब यांच्या जागेच्या प्रश्नाकडे येते, कारण त्यावर काल रात्री बसले होते.

इमेज वाटून घ्यायची असेल तर ती उलगडलेल्या अवस्थेत वाटू नका. 'डॉकर सेव्ह' करून टार फाइल (सगळं एका फाइलीत बांधलेलं गाठोडं) बनवा आणि ती बिनधास्त एनटीएफएसवर ठेवा. मालकी आणि परवानग्या सगळ्या टारच्या पोटात लिहिलेल्या असतात, बाहेरच्या फाइल सिस्टमला त्या कळण्याची गरजच पडत नाही. लागेल तेव्हा दुसऱ्या बाजूला 'डॉकर लोड'. ९० जीबीतलं दोन्हीकडे रोज खरंच काय लागतं? माझ्या ४० जीबीपैकी दोन्हीकडे लागणारं ६ जीबी निघालं. बाकी बहुतेक जुन्या बिल्डचा कॅशे होता.

विंडोजच्या बाजूला एक लक्षात ठेवा. इमेज पुसल्या तरी व्हीएचडीएक्स फाइल आपोआप लहान होत नाही. डब्ल्यूएसएल बंद करून 'डिस्कपार्ट' मध्ये त्या फाइलवर 'कॉम्पॅक्ट व्हीडिस्क' चालवावं लागतं. माझी तेवढ्यानेच २२ जीबी जागा सुटली.

रात्रपाळी

टारची कल्पना पटली. दोन स्वतंत्र डॉकर ठेवायचीच असतील तर माझी एक अट : दोन्हीकडे तेच डॉकर हवं. विंडोजला डॉकर डेस्कटॉप आणि लिनक्सला साधं इंजिन असं ठेवलं तर फरक बोचत राहतात. डेस्कटॉपमध्ये कंटेनरमधून मूळ यंत्राला गाठायला 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' हे नाव आयतं मिळतं. साध्या इंजिनात मिळत नाही, कंपोझमध्ये 'एक्स्ट्रा_होस्ट्स' खाली 'होस्ट-गेटवे' लिहावं लागतं, तेही २०.१० आवृत्तीपासून. विंडोजवर चाललं, लिनक्सवर पडलं, ही तक्रार निम्म्या वेळा एवढ्याचीच असते.

डब्ल्यूएसएलमधल्या उबुंटूत २०२२ पासून सिस्टमडी चालतं, तिथे सरळ डॉकर इंजिन बसवता येतं. २५० किंवा जास्त माणसं असलेल्या किंवा वर्षाला १ कोटी डॉलर किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीत काम करत असाल तर डेस्कटॉपला पैसे लागतात, तोही प्रश्न मिटतो.

उंबरठा

हे शंभर टक्के मान्य, आणि मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं. एक भर : डब्ल्यूएसएलमध्ये साधं इंजिन बसवलं की 'होस्ट-गेटवे' म्हणजे ती व्हर्च्युअल मशीन, विंडोज नव्हे. विंडोजवर थेट चालणाऱ्या एखाद्या सर्व्हरला कंटेनरमधून गाठायचं असेल तर हे आठवा.

लिनक्सवर डॉकर डेस्कटॉप आणि इंजिन दोन्ही एकदम बसवू नका, हेही जोडते. डेस्कटॉप तिथेही स्वतःची व्हर्च्युअल मशीन चालवतं आणि कॉन्टेक्स्ट (आज्ञा कुठल्या डॉकरकडे जायच्या ते) बदलतं. काल दिसणाऱ्या इमेज आज गायब. त्या कुठे गेलेल्या नसतात, दुसऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये असतात. 'डॉकर कॉन्टेक्स्ट एलएस' मध्ये तारा कुठे आहे ते बघायचं.

कोरी पाटी

घड्याळच होतं! रजिस्ट्रीत बदल केला, दोनदा इकडून तिकडे बूट करून पाहिलं, बिल्ड नीट झालं. खूप आभार.

आता दुसरं. विंडोजमध्ये क्लोन केलेल्या रिपोतून इमेज बनवली तर कंटेनर सुरू होताच मरतो. म्हणतो, 'एंट्रीपॉइंट.एसएच' अशी फाइल नाही. मी आत शिरून पाहिलं, फाइल आहे. लिनक्समध्ये त्याच रिपोतून सगळं चालतं.

उंबरठा

फाइल आहे, तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेला शेल (तिच्यातल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) नाही. 'कॅट -ए' करा, मोठ्या लिपीतला ए. दर ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी '^एम' दिसेल. ते विंडोजचं ओळ संपवण्याचं जादा अक्षर-चिन्ह आहे, क्लोन करताना गिटने घातलेलं. कर्नल मग 'एसएच' नावाचा शेल शोधत नाही, 'एसएच' आणि ते न दिसणारं चिन्ह मिळून होणाऱ्या नावाचा शोधतो. तो कुठेच नसतो.

रिपोत '.गिटॲट्रिब्यूट्स' फाइल करा, त्यात '*.एसएच' साठी 'ईओएल=एलएफ' लिहा, मग फाइली पुन्हा चेकआउट करा. फक्त स्वतःच्या गिटचं सेटिंग बदललंत तर तुमच्यापुरतं सुटेल, पुढचा माणूस पुन्हा अडकेल.

जुना खांब

कालपासून टारचा प्रयोग केला. माझ्या ९० पैकी दोन्हीकडे लागणारं १४ जीबी भरलं, तेव्हा जागेचा माझा मुद्दा होता तितका जड राहिला नाही. समाईक ईएक्सटी४ मी ठेवणार आहे, मला ते सोयीचं पडतं. पण नवीन माणसाला यापुढे तो सल्ला देणार नाही.

एक विचारतो. इमेजचं कळलं, पोस्टग्रेसच्या व्हॉल्यूमचं (डेटा ठेवायच्या जागेचं) काय? तेही टार करून न्यायचं का?

उंबरठा

इमेजची आवृत्ती हुबेहूब तीच असेल आणि पोस्टग्रेस नीट बंद केलेलं असेल तर टार चालतं. पण एकीकडे १५ आणि दुसरीकडे १६ असेल तर १६ ते फोल्डर उघडणारच नाही. एकीकडे डेबियनवरची इमेज आणि दुसरीकडे अल्पाइन असेल तर आणखी वाईट. उघडेल, पण दोन्हींत सी लायब्ररी वेगळी, त्यामुळे अक्षरांचा क्रम लावायची रीत वेगळी, आणि मजकुरावरचे इंडेक्स गुपचूप चुकीची उत्तरं देऊ शकतात. म्हणून मी 'पीजी_डम्प' (डेटा फाइलीत उतरवून देणारी आज्ञा) च घेते. संध्याकाळी लॅपटॉप बंद करण्याआधी एक आज्ञा, डम्प त्याच एनटीएफएस पार्टिशनवर, दुसऱ्या बाजूला उतरवायला माझ्या डेटाला ४० सेकंद लागतात. फास्ट स्टार्टअप बंद आहे ना, ते तेवढं एकदा बघून घ्या.