आधी वजन की आधी चट्टे?

‘सोरायसिस (त्वचेवर खवले निघणारे चट्टे उठण्याचा आजार) झाला की मुलं खेळायला जात नाहीत, म्हणून वजन वाढतं’, असं म्हटलं जातं. ते पटतं, पण ते अर्धंच आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोरायसिस असलेल्या स्थूल मुलांपैकी बहुतेकांचं वजन चट्टे दिसण्याच्या किमान दोन वर्षं आधीच वाढलेलं होतं. त्याआधी ९ देशांतली ४०९ सोरायसिसग्रस्त मुलं तपासली, तेव्हा लठ्ठपणा दर पाचांत एकाला निघाला. निरोगी मुलांत तो ७ टक्क्यांच्या आसपास होता.

चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यातून टीएनएफ-अल्फा, लेप्टिन असे दाह (शरीरातली सूज) वाढवणारे पदार्थ रक्तात जातात, आणि सोरायसिस हा दाहाचाच आजार. अर्थात आनुवंशिकता असतेच, घशाचा जंतुसंसर्गही निमित्त होतो. सगळं खापर वजनावर फोडू नये.

माझ्या भाचीचं सांगते. नऊ वर्षांची. निळ्या युनिफॉर्मच्या खांद्यांवर पांढरा कोंडा पडलेला असायचा, वेणी घालताना कानामागची खपली निघून रक्त यायचं. वर्गात तिच्या शेजारी कुणी बसेना. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे वहिनीने शाळेत जाऊन सांगितलं तेव्हा कुठे बाकावर मैत्रीण आली.

एक कळकळीची विनंती: मुलांना उपाशी ठेवू नका, ‘जाडी’ म्हणून हिणवू नका. डब्यातली बिस्किटं, घरातली शीतपेयं सगळ्यांचीच बंद करा. आणि मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.