ॲडी जॉससाठी नियम शिथिल केला, ते योग्यच झालं

निळी_टोपी (धागाकर्ती):
बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत जायचं तर किमान १० हंगाम खेळलेले असावे लागतात. क्लीव्हलंडचा पिचर (चेंडू टाकणारा) ॲडी जॉस ९ खेळला. १९११ च्या हंगामाची तयारी चालू असताना तो आजारी पडला आणि १४ एप्रिलला टोलीडोत वारला. क्षयाचा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता. एकतिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. पुढे त्याच्यापुरती ही अट शिथिल केली आणि १९७८ साली त्याला प्रवेश मिळाला. काही जण याला अजूनही मेहेरबानी म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

२ ऑक्टोबर १९०८ चा सामना बघा. लीगच्या विजेतेपदासाठी क्लीव्हलंड, शिकागो आणि डेट्रॉइट यांच्यात अगदी चुरस होती. समोर शिकागोचा एड वॉल्श, ज्याने त्या एका वर्षात ४० सामने जिंकले. त्या दिवशीही त्याने १५ जणांना स्ट्राइकआउट केलं (तीन स्ट्राइकवर बाद) आणि फक्त ४ हिट दिले, म्हणजे चारदाच बॅटरला फटका मारून बेस गाठता आला. तरी तो हरला, १-०. कारण जॉसने २७ बॅटर आले तसे परत पाठवले, एकालाही पहिला बेस गाठू दिला नाही. परफेक्ट गेम! इतक्या दडपणाखाली असा खेळ करणाऱ्याला आणखी काय सिद्ध करायचं होतं?

दहावी_इनिंग:
असहमत. सामना थोर होता, वादच नाही. पण हॉल ऑफ फेम एका दिवसासाठी नसतो. त्या काळी चेंडू मऊ, मळका, लांब जायचाच नाही. १९०८ मध्ये अमेरिकन लीगच्या सगळ्या पिचरांची मिळून दर ९ इनिंगमागे धावा देण्याची सरासरीच अडीचच्या आत होती. जॉसचे एकूण स्ट्राइकआउट ९२०, त्याच काळातल्या पिचर वॉल्टर जॉन्सनचे साडेतीन हजार. शिवाय बॉस्टनचा पिचर स्मोकी जो वुडचं काय? १९१२ मध्ये ३४ विजय, ५ पराभव. पुढच्याच वर्षी अंगठा मोडला, मग खांदा गेला. तरी गडी आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) होऊन १९२२ पर्यंत खेळला. १० हंगाम भरूनही तो बाहेर आणि न भरलेला आत, हे कसं?

निळी_टोपी:
वुडबद्दल मलाही हळहळ वाटते, पण पिचर म्हणून त्याच्या इनिंग १,४०० च्या आसपास. जॉसच्या २,३२७. विजय १६०, पराभव ९७, सरासरी १.८९. कारकिर्दीच्या सरासरीत त्याच्या पुढे एकच जण, तोच एड वॉल्श, १.८२. चेंडू मऊ असेल, पण तो सगळ्यांनाच मऊ होता ना? आणि स्ट्राइकआउट कमी, कारण तो बॅटरकडे पाठ फिरवून, चेंडू लपवून टाकायचा. लोक कसेबसे बॅट लावायचे आणि आउट व्हायचे. सरासरीने दर इनिंगला हिट आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) मिळून एक बॅटरसुद्धा बेसवर जात नसे.

पाऊस_आणि_पिच:
पिट्सबर्गचा खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटेचं उदाहरण आहे की. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ ला त्याचं विमान पडलं. खेळणं थांबल्यावर ५ वर्षं थांबण्याची अट बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला घेतलं.

दहावी_इनिंग:
ती अट थांबण्याची होती, खेळण्याची नव्हे. क्लेमेंटेने १८ हंगाम पूर्ण केले होते. दोन्ही एका मापाने मोजू नका.

निळी_टोपी:
हा मुद्दा मान्य, क्लेमेंटेचा दाखला इथे लागू पडत नाही. पण १० ची अट कशासाठी आहे? दोन-तीन वर्षं चमकून विझणाऱ्यांना गाळण्यासाठी. जॉस विझला नव्हता. १९१० च्या एप्रिलमध्येही त्याने त्याच शिकागोला नो-हिटर टाकला होता, म्हणजे सबंध सामन्यात एकही हिट दिला नव्हता.

त्याच्यासोबतच्या खेळाडूंना तो काय वाटत होता, तेही बघा. अंत्यविधीला जायचं म्हणून क्लीव्हलंडचे खेळाडू डेट्रॉइटचा सामना सोडायला निघाले. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन आधी नाही म्हणाले, शेवटी सामना पुढे ढकलावा लागला. २४ जुलैला त्याच्या कुटुंबासाठी क्लीव्हलंडमध्ये सामना झाला. टाय कॉब, ट्रिस स्पीकर, वॉल्टर जॉन्सन, त्या काळचे मोठमोठे खेळाडू सगळे आले. जवळपास १३ हजार डॉलर जमले.

दहावी_इनिंग:
ते वाचून माझाही गळा दाटतो. पण ते त्याच्या माणूसपणाबद्दल झालं. माझं मत तेच: अट सगळ्यांसाठी ९ करा, मी पहिला हात वर करेन. एकट्यासाठी नको.