मदत हवी आहे : राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवरून शिरोळ भागात जनावरे कधी हलवावीत?

नमस्कार. मी नोकरीनिमित्त कोल्हापुरात राहतो. आई आणि नाना मात्र शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमाच्या थोडे वर पंचगंगेकाठच्या गावी असतात. घर सखल भागात आहे, गोठ्यात चार म्हशी आहेत आणि त्यांपैकी एक जुलैअखेरीस व्यायची आहे. म्हातारा पाऊस लागण्यापूर्वी, म्हणजे पुष्य नक्षत्राच्या आत, ‘अमुक पातळीला निघायचे’ असा ठाम आकडा घरात ठरवून ठेवावा, असे मला वाटते. पण तो आकडा कोणत्या ठिकाणचा धरावा, तेच कळत नाही.

पावसाळ्यात आम्ही मोबाइलवर पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहतो. तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आता घरातल्या लहान मुलालाही पाठ आहे. मात्र कसबा बावड्याजवळचा तो बंधारा भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांनी आणलेले पाणी दाखवतो. आमच्याकडे पूर दोन्ही बाजूंनी येतो. कोयना आणि वारणा यांचे पाणी घेऊन कृष्णा आधीच फुगलेली असली, की संगमावर पंचगंगेला वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे आमच्या शिवारात सरकतो.

नानांनी गोठ्याच्या दगडी खांबावर छिन्नीने पुराच्या खुणा केल्या आहेत. राजाराम बंधाऱ्यावर २०२१ ची पातळी २०१९ पेक्षा जास्त होती, तरी आमच्या खांबावर २०१९ ची खूण चांगली वीतभर वर आहे. सांगलीतही २०१९ चेच पाणी चढे होते, हे लक्षात घेतले तर आमच्या घरापुरता कृष्णेचा आकडा अधिक महत्त्वाचा असावा, असा माझा अंदाज आहे.

२०२१ मध्ये बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ओलांडली गेली तेव्हा आमचे अंगण कोरडे होते, म्हणून नाना निर्धास्त राहिले. प्रत्यक्षात घरात पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी ओढ्यावरचा पूल बुडाला, आणि रात्री कमरेएवढ्या पाण्यातून, कासरे हातात धरून म्हशी बाहेर काढाव्या लागल्या. वैरण सगळी गेली. त्यामुळे आमची खरी मर्यादा उंबऱ्याची नसून त्या पुलाची आहे, हे आम्ही उशिरा शिकलो.

नानांचा स्वतःचा ठोकताळा नृसिंहवाडीच्या दक्षिणद्वार सोहळ्यावर, म्हणजे नदीचे पाणी दत्त मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते त्यावर, चालतो. मी त्याला हसत असे. पण ती खूण थेट संगमावरचे पाणी दाखवते, त्या अर्थी माझ्या मोबाइलपेक्षा ती आम्हाला जवळची आहे, हे मान्य करावे लागते. अडचण इतकीच, की दक्षिणद्वार महापूर नसलेल्या वर्षीही होते, आणि दर वेळी टेम्पो बोलावणे परवडणारे नाही.

तरी कुरुंदवाड, तेरवाड, शिरोळ या भागातील अनुभवी मंडळींना विचारतो : आपण राजाराम बंधाऱ्याबरोबर सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी (इशारा ४० फूट, धोका ४५ फूट) पाहता का? दोन्हीकडे पाणी चढते असल्यास इशारा पातळीलाच निघावे, की आणखी थांबता येते? भोगावतीवरील राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यानंतर ते पाणी आपल्या भागात जाणवायला साधारण किती तास लागतात, हेही आपल्या अनुभवातून सांगावे.

पशुवैद्यक कोणी असतील तर आणखी एक विचारायचे आहे. दिवस भरत आलेल्या म्हशीला टेम्पोने पंचवीस-तीस किलोमीटर नेणे धोक्याचे आहे का? तसे असेल तर पाऊस कसाही असो, तिला एकटीला जुलैच्या पहिल्या आठवड्यातच मामांच्या गोठ्यात नेऊन बांधू. नानांची समजूत घालण्याची जबाबदारी माझी.

कर्नाटकातील अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पूर वाढतो का, या वादावर कृपया इथे चर्चा नको. या पावसाळ्यात आम्हाला आधी गोठा रिकामा करायचा आहे.