‘पॉवरसेव्ह’ लावलं की बॅटरी वाचते, हे कुणी सांगितलं?

काटकसरी
‘लिनक्सला प्रोसेसरची वीज सांभाळता येत नाही; गव्हर्नर (प्रोसेसरच्या वेगाचं धोरण) पॉवरसेव्ह करा, टीएलपी (वीज वाचवणाऱ्या सेटिंग्ज लावणारा प्रोग्राम) टाका, झालं’ अशी पोस्ट फिरतेय आणि लोक खाली हात जोडतायत. अहो, आधी प्रोसेसरचा वेग बदलणारा स्केलिंग ड्रायव्हर कोणता ते तरी बघा! इंटेलच्या प्रोसेसरचा इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये असेल तर त्याचा पॉवरसेव्ह म्हणजे किमान फ्रिक्वेन्सी नव्हे, लोड आला की तो टर्बोपर्यंत, म्हणजे कमाल वेगापर्यंत जातो. किमान फ्रिक्वेन्सीला खिळवणारा पॉवरसेव्ह वेगळा, एसीपीआय-सीपीयूफ्रेक या दुसऱ्या ड्रायव्हरचा. इंटेलच्या स्कायलेक पिढीपासून एचडब्ल्यूपी ही सोय असेल तिथे वेग चिपच ठरवते, आपण ईपीपी या सेटिंगमधून वेग की काटकसर एवढा फक्त कल सांगायचा. गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवून ईपीपी बदलायला गेलात की ‘डिव्हाइस बिझी’ येतं, मग शिव्या कर्नलला.

टीएलपीभक्त
प्रवचन झालं? टीएलपी टाकल्यावर बॅटरी जास्त चालते, हे खरं की खोटं तेवढं सांगा.

काटकसरी
चालते, पण गव्हर्नरमुळे नाही. टीएलपी बॅटरीवर पीसीआय उपकरणांचं रनटाइम पीएम (काम नसताना उपकरण झोपवणं) चालू करतं, वायफायचं पॉवर सेव्हिंग लावतं. फ्रिक्वेन्सीशी खेळणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मशीन रिकामं ठेवा, रूटने टर्बोस्टॅट हे मोजमापाचं साधन चालवा, पॅकेज सी-स्टेटचे, म्हणजे अख्खी चिप किती खोल झोपते त्याचे, रकाने वाचा. कोअर सी७ मध्ये झोपलेत आणि पॅकेज मात्र पीसी२-पीसी३ या उथळ झोपेवरच अडकलंय, तर कुठलं तरी उपकरण आडवं आलंय. बरेचदा एएसपीएम (पीसीआय जोडणीची वीज वाचवण्याची सोय) बंद असलेली एनव्हीएमई ड्राइव्ह किंवा कार्ड रीडर. आणि टीएलपी ठेवायचंच तर पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही तशीच दुसरी सेवा मास्क (पूर्ण बंद) करा, नाहीतर दोघं एकाच ईपीपीवर लिहीत बसतात.

डीमनदास
म्हणूनच म्हणतो, एका नळाला चार तोट्या. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १३ व्या आवृत्तीपासून एचडब्ल्यूपीस्टेट-इंटेल ड्रायव्हर आहे. ईपीपीचा एक सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग), ० म्हणजे वेग, १०० म्हणजे काटकसर. वेग बदलत बसणाऱ्या पॉवरडी प्रोग्रामचीही गरज नाही.

टीएलपीभक्त
आणि झाकण मिटल्यावर?

डीमनदास
एस३, म्हणजे फक्त मेमरी जागी ठेवणारी झोप. व्यवस्थित झोपतं.

टीएलपीभक्त
फर्मवेअरने दिलं तर ना! इंटेलच्या टायगर लेक पिढीपासून कितीतरी लॅपटॉपांत एस३ उडवलंय. मेम-स्लीप फाइलमध्ये नुसतं एस२आयडल (एस३शिवाय कर्नलने लावलेली झोप) दिसत असेल तर बूट ओळीत ‘डीप’, म्हणजे एस३, लिहून काय मिळणार? जे फर्मवेअरच्या तक्त्यात नाही ते कर्नल आणणार कुठून? दोष उत्पादकांचा, बोल मात्र लिनक्सला.

डीमनदास
म्हणजे शेवटी बॅगेत लॅपटॉप तापतोच! पोस्टवाला फार चुकला नाही तर.

काटकसरी
चुकलाच. एस२आयडलमध्ये प्रोसेसर खोल झोपला की नाही ते मोजता येतं. झोपवून उठवा, सस्पेंड-स्टॅट्स फोल्डरमधलं लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप वाचा, आकडा मायक्रोसेकंदांत असतो. शून्य आलं तर एस०आयएक्स, म्हणजे ती खोल झोप, गाठलीच नाही, पुन्हा तेच आडवं उपकरण शोधा. झोपेच्या वेळेच्या जवळ आलं तर प्रोसेसरचं पाप नाही, बॅटरी दुसरं कुणी खातंय.

टीएलपीभक्त
शून्य आलं. एनव्हीएमईचं एएसपीएम ‘डिसेबल्ड’ दाखवतंय. बरं, तुमचं खरं, पण टीएलपी काढणार नाही.

काटकसरी
नका काढू. बायोसमध्ये एएसपीएमचा पर्याय आहे का बघा, नसेल तर कर्नलची एएसपीएम पॉलिसी पॉवरसेव्ह करून पाहा. ड्राइव्ह अधूनमधून गायब व्हायला लागली तर लगेच परत डीफॉल्ट.

डीमनदास
वा! शेवटी पॉवरसेव्हच लावायला सांगितलंत.