बालमैत्रीण लेकरं घेऊन दोन दिवस घरी येते तेव्हा : आपापले अनुभव सांगा

आर्वी तालुका, जि. वर्धा

माझी शाळेतली मैत्रीण पुण्याहून येणार आहे, पहिल्यांदाच लेकरं घेऊन. शनिवारी सकाळी पोहोचते अन् रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं वापस. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, तिच्या आईनं माझ्या वेण्या घातल्या, अन् आता बोलणं म्हणजे फोनवर, तेही अर्धवट, कधी माझा कुकर होते तर कधी तिची मीटिंग निघते. पोरगी सहावीत आहे, मुलगा पहिलीत. माझ्या घरी सासू-सासरे, दोन म्हशी, कापूस वेचायला बाया लागलेल्या, म्हणजे काम काही थांबत नाही. मला तिच्याशी मनसोक्त बोलायचं आहे आणि तिच्या लेकरांना आमचं गाव आवडावं असंही फार वाटते. ज्यांच्या घरी अशी मैत्रीण येऊन गेली त्यांनी सांगा ना, लेकरं कशात रमली, काय खाऊ घातलं, आणि मेन म्हणजे तुम्हा दोघींना वेळ कधी भेटला. स्वतः पाहुणी म्हणून गेल्या असाल तर तेही लिहा.

वरूडकडून

आमची संत्र्याची वाडी आहे. मैत्रीण आली तेव्हा आंब्या बहाराचा, म्हणजे आंब्याच्या मोहरासोबत फुललेल्या संत्र्यांचा, माल तोडणीला आलेला, मजूर लागलेले, त्यांचा चहा-पाणी, हिशोब, सगळं माझ्याकडं. मला वाटलं होतं हिच्याशी दोन शब्द बोलणं होते का नाही. पण सासऱ्यांनी सकाळीच तिच्या दोन्ही लेकरांना वाडीत नेलं आणि एक झाड दाखवून म्हणाले, हे आज तुमचं, याचा सगळा माल तुम्हीच काढायचा. लेकरांना पहिले वाटलं ओढलं का झालं. सासऱ्यांनी बसवून शिकवलं त्यांना, संत्रं ओढून तोडलं तर देठाजवळ साल निघते आणि तिथूनच फळ सडायला लागते, म्हणून कात्रीनं कापायचं, आणि कापायचं तेही एकदम फळाला लागून, कारण लांब देठ राहिला तर तो क्रेटमध्ये बाजूच्या संत्र्याला टोचते. तिची दहा वर्षांची पोट्टी तर इतकी मन लावून कापत होती, एकेक फळ फिरवून देठावर अंगठा घासून पाहायची, टोचते का म्हणून. दुपारच्या जेवणालाही येईना.

अन् आम्ही दोघी ढिगाजवळ बसून माल निवडत होतो, मोठा वेगळा, बारीक वेगळा, डागी वेगळा. तिथं ती तिच्या बाबांच्या आजारपणाचं बोलायला लागली. त्यांना जाऊन बराच काळ झाला होता, मी फोनवर किती वेळा विचारलं असेल, ठीक आहे ठीक आहे करून विषय बदलायची. तिथं मात्र हातात संत्रं, नजर ढिगाकडं, आणि सगळं सांगितलं तिनं, दवाखान्यातले शेवटचे दिवस, भावासोबत पैशावरून झालेलं, सगळं. सोफ्यावर समोरासमोर बसवून विचारलं असतं तर तिला ते बोलता आलं असतं असं मला नाही वाटत. म्हणून माझं तर मत आहे ताई, कापूस वेचायला बाया लागल्या आहेत ना, तर तिलाही घेऊन जा. ओटीला कापड बांधून द्या तिच्या. तास-दोन तास एका ओळीत बाजूबाजूनं वेचा, सगळं बोलणं होते.

दर्यापूरची सून

आधी पाण्याचं. आमचा भाग पूर्णेचा खारपाणपट्टा, विहिरीचं-बोअरचं पाणी खारट. शहरातल्या लेकरांना ते सोसत नाही, पोट बिघडलं तर दोन दिवस त्यातच जातात. नळाचं नाहीतर कॅनचं पाणी प्यायला अलग ठेवते मी, आणि लहान लेकरू असलं तर उकळून. आंघोळीच्या पाण्याला साबणाचा फेस होत नाही, केस चिकट होतात, हे मैत्रिणीला अगोदरच सांगून ठेवते म्हणजे ती तशी तयारीनं येते.

दुसरं, रात्री लेकरांना अंगणात जायचं असलं तर टॉर्च आणि चप्पल, आणि सकाळी बूट झटकून मगच पाय घालायचा. विंचू निघते आमच्याकडं. घाबरवायचं नाही, पण आल्या आल्या सांगायचं. बाकी लेकरं आपोआप रमतात.

देवळीहून, पुरुष

मी नवरा बोलून राहिलो. बायकोची मैत्रीण आली का घरच्या माणसांनी काय करावं ते मी सांगतो, कारण सगळ्या ताया आपापसातच सांगून राहिल्या.

लेकरं तुम्ही घेऊन जा. एवढंच. माझ्या बायकोची मैत्रीण मुंबईहून आली तर मी सकाळीच आमची दोन आणि तिची दोन अशी चारही पोरं गाडीत घातली आणि जिनिंगवर नेली, माझा कापूस तिथंच जाते, ओळखीचे लोक आहेत. गाडी खाली होते कशी, रुई वेगळी सरकी वेगळी होते कशी, लांबूनच दाखवलं, मशीनजवळ नाही जाऊ दिलं. तिच्या पोरानं विचारलं एक क्विंटल कापसातून किती निघते, म्हटलं रुई साधारण ३४-३५ किलो, बाकी बहुतेक सरकी. मग रुईची दाबून बांधलेली गाठ पाहिली, १७० किलोची असते एक, तर तो तिथंच मोबाईलवर हिशोब करत बसला का एका गाठीला किती कापूस लागला. मला फार बरं वाटलं, आपण काय पिकवतो याची कोणी लेकरानं अशी विचारपूस केली का बरंच वाटते.

तिथून सेवाग्राम. आश्रमाबद्दल मोठ्यांना वाटते लेकरं बोर होतील, पण तसं नाही. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, बुलडाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा व्हायचा म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम केलं, ही गोष्ट पोरांना आवडली. आणि सगळ्यात आवडलं काय तर साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप मारायचा नाही, धरून लांब सोडून द्यायचा. चारही जण तिथून हलायला तयार नाही. दोन वाजता घरी आलो तर दोघी अंगणातल्या बाजेवर, चहाचे कप बाजूला, बोलणं चालूच. बायकोचा चेहरा तसा मी लई दिवसांनी पाहिला. दादा लोकहो, सुटीच्या दिवशी अर्धा दिवस काढाच.

आर्वी तालुका

सगळ्यांचे खूप आभार. कापूस वेचायला न्यायचं डोक्यातच नव्हतं, आता नेतेच. एक राहिलं विचारायचं, मुलगा अजिबात तिखट खात नाही म्हणते. आमच्याकडचं तर तुम्हाला माहीतच आहे.

चिखलीकडून

रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, करा. गोवऱ्यांवर रोडगे, वांग्याची भाजी, वरण. वरणात तिखट नाही टाकायचं, रोडगा फोडून तुपात भिजवून वरणासोबत दिला का लेकरू दोन खाते. आणि रोडगे माणसं लावतात, बायांना सुटी. आता तुरीच्या शेंगा आल्या असतील तर मीठ टाकून पातेलंभर उकडून ठेवा, येता-जाता खातात, चिप्सची आठवण नाही येत. हरभरा भरला असेल तर शेतातच हुळा, म्हणजे ओले घाटे, भाजा. हात-तोंड काळं होते, पोट्ट्यांना तेच आवडते.

मुंबईहून, माहेर दारव्हा

मी पाहुणी म्हणून गेलेली आहे म्हणून लिहिते. माझी मैत्रीण दारव्ह्यापासून आत एका खेड्यात दिली आहे. लहानपणी आमच्या घराजवळून शकुंतला जायची, यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी, आम्ही दोघी दप्तरं टाकून तिला टाटा करायला पळायचो. आता गाडी बंद आहे. पोरांना मी ती जागा दाखवली, त्यांना काही विशेष वाटलं नाही, आम्ही दोघी मात्र तिथं बराच वेळ उभ्या होतो.

मी मे महिन्यात गेली होती, कारण तुमच्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडतात, आमच्या त्याच्या अगोदर, मग दोघींच्या लेकरांची सुटी जुळते तो मे महिनाच. ऊन म्हणजे काय होतं ते सांगत नाही. पहिल्या दिवशी तिनं मला काहीच करू दिलं नाही. नवीन चादर, नवीन टॉवेल, बस गं बस गं, खा गं खा गं, आणि ती स्वतः आत-बाहेर, आत-बाहेर. तिची माया कळत होती मला, पण मी तिच्याकडं जेवायला नव्हती आली, तिच्यासाठी आली होती. रात्री मी सरळ म्हटलं, तू अशी उभीच राहणार असशील तर मी बोलू कोणाशी. तर म्हणाली, सकाळी कुरडया घालायच्या आहेत, गहू भिजवून तीन दिवस झाले, आता टाकता येत नाही, उठशील का पाचला?

उठली ना. गव्हाचा चीक रात्रीच बसलेला होता, वरचं पाणी तिनं हळूच ओतून काढलं, खाली पांढराशुभ्र घट्ट चीक. चुलीवर पाण्याला आधण, मीठ-हिंग, मग ती चीक ओतते आणि मी हाटते, गुठळी नको व्हायला म्हणून हात थांबवायचा नाही. दंड भरून आले माझे. तो शिजला का चकाकते आणि हाटण्याला ओढून धरते. मग गच्चीवर साडी अंथरून आम्ही दोघी, एक सोऱ्या दाबते, दुसरी भरून देते, ऊन चढायच्या आत संपवायचं. लेकरं उठून वर आली तर वाट्यांमधे गरम चीक, माझ्या पोरांना दूध-साखरेतला, तिच्या पोरांना तेल-तिखटाचा. तिथं तिनं मला सांगितलं का तिला बारावीनंतर शिकायचं होतं आणि आता ती मुक्त विद्यापीठातून बीए करायचं म्हणते, घरी अजून सांगितलं नाही. मुंबईत जाऊन मी तिला फॉर्मची माहिती काढून दिली. सध्या दुसऱ्या वर्षाला आहे.

म्हणून आर्वीच्या ताई, तुमच्या मैत्रिणीला पाहुणी करून नका बसवू. तिला काम सांगा, नावानिशी सांगा, हे तू कर म्हणून.

पुसदजवळून

माझं थोडं वेगळं आहे पण लिहिते, कोणाला कामी पडेल. माझ्या मैत्रिणीचा घटस्फोट झालेला. ती मुलाला घेऊन येणार म्हणाली तेव्हा मला धाकधूक होती ती गावाची. आमच्या गल्लीत पाहुणी आली का बाया बसायला येतात आणि पहिला प्रश्न, जावई नाही आले? तिला हेच नको म्हणून ती माहेरीही जात नव्हती.

मी आठ दिवस अगोदर सासूबाईंजवळ बसली आणि सगळं सांगितलं. काय झालं, कसं झालं, तिनं किती सोसलं. लपवून ठेवलं असतं आणि मग तिच्यासमोर निघालं असतं तर सासूबाईंनाही अवघड, तिलाही. सासूबाई जुन्या वळणाच्या, चौथी शिकलेल्या. ऐकून घेतलं, बोलल्या काहीच नाही, उठून म्हशीकडं गेल्या. मला रात्रभर झोप नाही.

ती आली त्याच संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. बसल्या, पाणी घेतलं, आणि विचारलंच, एकट्याच आल्या का, साहेब नाही आले? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, माझी लेक आहे, नातू घेऊन आली, अजून कोण पाहिजे? काकूंनी विषय बदलला, पिकाचं बोलणं काढलं. नंतर ज्या कोणी आल्या त्यांना सासूबाई दारातच, लेक आली, लेक आली. निघायच्या दिवशी तिला पाटावर बसवून कुंकू लावलं, ओटी भरली, गहू, खोबऱ्याची वाटी, ब्लाऊजपीस, जशी माझ्या नणदेची भरतात तशीच. ती पदर धरून रडली, मीही रडली. मुलाच्या हातात शंभराची नोट दिली आणि म्हणाल्या, दिवाळीला ये, आजीच्या घरी यायला विचारायचं नसते.

तर ज्यांच्या मैत्रिणी अशा आहेत त्यांनी घरच्या मोठ्या माणसाला आधीच सोबत घ्या. गावाला उत्तर आपण नाही देऊ शकत, त्या देऊ शकतात.

साकोलीकडची

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भाऊबीजेपासून मंडई, गावोगावची जत्रा, लागते, त्यात पाहुण्यांनी घर भरलेलं असते, म्हणून माझी मैत्रीण आली तेव्हा कामाच्या वेळी बोलणं वगैरे काही जमलं नाही, वीस माणसांचा स्वयंपाक होता. आम्हाला वेळ भेटला तो नाटकाला. रात्री जेवणं आटोपून नाटक सुरू होते ते पहाटेपर्यंत. लेकरांनी पहिला अंक पाहिला, गाण्यांवर टाळ्या वाजवल्या, मग सतरंजीवर झोपून गेली. आम्ही दोघी एका ब्लँकेटमधे, अर्धं नाटक पाहिलं अर्धं बोललो. हिवाळ्यात कोणी येत असेल तर तारीख पाहूनच बोलवा.

वरूडकडून

निघतानाचं कोणीच नाही लिहिलं. वानोळा, म्हणजे घरच्या पिकातली भेट, द्यायचा असेल तर तो आधीच बांधून ठेवा, ऐनवेळी तीच नको नको करते. तूरडाळ द्या घरची, ती टिकते. संत्री दिली तर कापडी पिशवीत द्या, प्लास्टिकमधे घाम सुटून सडतात. आणि जवळपासच्या स्टँडवरून एसटीनं जाणार असेल तर मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या लेकरांनाही अर्धंच, पुण्याहून येणाऱ्यांना गाडी बुक करायची सवय असते म्हणून सांगितलं.

आर्वी तालुका

डाळ भरडून ठेवली. ओटीचं कापड सासूबाईंनी आत्ताच काढून दिलं, तिच्या पोरीसाठीही एक लहान शिवून देतो म्हणाल्या.