आठ महिने झाले, पप्पांच्या मनुका अजून डब्यात आहेत

टॉवेलवाली_सोलापूर

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. सोलापुरात आपलं दुसरं घर माझ्या तरी ओळखीत नाही. पप्पा रेल्वेत होते, बदलीवर इथे आले आणि निवृत्तीनंतर जुळे सोलापुरातच राहिले. आठ महिन्यांपूर्वी गेले. दफन पुण्यात केलं, शिवाचे, म्हणजे आपल्या शोकाचे, सात दिवस इथल्या घरी बसलो. आरसे झाकले, गाद्या काढल्या. शोकाच्या घरातलं पहिलं जेवण बाहेरून यावं, हा आपला नियम शेजारच्या काकूंना सांगावाच लागला नाही. 'कडू घास' म्हणत त्या भाकरी, मसुराची आमटी आणि कागदात बांधलेली शेंगाचटणी घेऊन आल्या. पण दुःखातलं माणूस बोलेपर्यंत भेटायला येणाऱ्यानं गप्प बसायचं, हे आल्या-गेल्याला कसं सांगणार? "वय झालं होतं, सुटले." "तेरावं कधी?" मी नुसती चहा देत राहिले. खरं तर शोकात बसलेल्यानं तेही करायचं नसतं.

आता मूळ गोष्ट. पहाटे साडेतीनला जाग येते, पुन्हा झोप नाही. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद बघते. परवा एकाच पार्टीचं बिल दोनदा पाठवलं. शुक्रवारच्या किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या रात्रीच्या प्रार्थनेचं, शरबत पप्पाच करायचे. गुरुवारी रात्री काळ्या मनुका भिजवायच्या, शुक्रवारी हातानं कुस्करून पंचाच्या तुकड्यातून गाळायच्या. मागच्या महिन्यात मी भिजवल्या आणि विसरले. रविवारी झाकण काढलं तर वर फेस. ओट्यापाशीच खाली बसले, किती वेळ ते माहीत नाही.

भाऊ इस्रायलमध्ये, अश्दोदला. त्याला कद्दीशसाठी, म्हणजे गेलेल्यांसाठी म्हणायच्या प्रार्थनेसाठी, लागणारी दहा माणसं रोज मिळतात, मला इथे एकही नाही. ठाण्याची आत्या म्हणते, एलियाहू हन्नबीला, आपल्या एलिया संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस बोल, मनाच्या डॉक्टरकडे काय जातेस, लोक काय म्हणतील. ऑफिसात म्हणतात, आठ महिने खूप झाले. डॉक्टरकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं होतं का?

पनवेलची_मावशी

आधी त्या ऑफिसवाल्यांचं. नवरा, भाऊ, मूल गेलं तर आपल्याकडे शोक तीस दिवसांचा. आईबापांसाठी पूर्ण वर्षाचा. कद्दीश अकरा महिने. तुझे आठच झालेत, त्यांनी हिशेब शिकून यावा.

आणि कद्दीशमध्ये मरणाचा एक शब्दही नाही गं, सगळी देवाची थोरवीच आहे. माझी आई जाईपर्यंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्थ न कळता वर्षानुवर्षं आमेन म्हणत होते.

मलिदा कर की. पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं. काकूंना बोलाव, कारखान्यातल्या बायकांना बोलाव. पण नवस म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. माझ्या नवऱ्याच्या बायपासच्या वेळी आम्ही नवसही बोललो आणि सर्जनलाही गाठलं. कुणी म्हणालं नाही श्रद्धा कमी पडली म्हणून. मग मनालाच ही वेगळी पंगत कशाला?

फेस आला म्हणजे नासलं नाही, दारू व्हायला लागली होती. फेकलंस ना? चूक केलीस.

रास्तापेठकर

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तालमूदमध्येच, आपल्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात आहे, बराखोथ भागात. रब्बी योहानान आजारी शिष्याकडे जातात आणि विचारतात, "ही दुखणी तुला प्रिय आहेत का?" तो म्हणतो, "तीही नकोत आणि त्यांचं पुण्यही नको." मग हे म्हणतात, "हात दे." त्यानं हात दिला आणि यांनी त्याला उठवलं. पुढे योहानान स्वतः आजारी पडतात. रब्बी हनीना येतात, तोच प्रश्न, तेच उत्तर, पुन्हा "हात दे". इथे तालमूद अडवून विचारतो, दुसऱ्याला उठवणारा माणूस स्वतःच का नाही उठला? उत्तर एका ओळीचं: कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

यात दुःख सोसलं म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. मला हेच फार आवडतं.

बाराव्या शतकातले आपले धर्मपंडित रामबाम, म्हणजे मैमोनिदेस, स्वतः वैद्य होते, इजिप्तमध्ये दरबारी वैद्यकी करायचे. त्यांनी धर्माच्या कायद्यातच लिहून ठेवलंय की मन आजारी असलेल्यानं जाणत्यांकडे जावं, ते मनाचे वैद्य. आजाऱ्यासाठी आपण जी प्रार्थना म्हणतो तिच्यातही आधी आत्म्याचं बरं होणं मागतो, शरीराचं नंतर. आत्यांना एवढं ऐकवा. त्या ऐकतील असं मात्र वाटत नाही, माझ्या आत्यानं ऐकलं नव्हतं.

रात्रपाळी

ताई, मी पण सोलापूरचाच, सरकारी दवाखान्यात ब्रदर आहे. तुमच्या धर्मातलं मला कळत नाही, पण वर्षाचं वाचून गंमत वाटली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये 'लांबलेला शोक' आजारांच्या यादीत घेतला, त्यात मोठ्या माणसासाठी अट किमान बारा महिन्यांचीच आहे.

पण म्हणून अजून चार महिने वाट बघत बसू नका. रोज साडेतीनला झोपमोड, कामात चुका, हे डिप्रेशनही असू शकतं आणि त्याला वर्षाची अट नाही. जेवण जातं का? जगणं नको असे विचार येतात का? येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नसतील येत तरी मानसोपचाराच्या ओपीडीत या. केसपेपर काढायचा आणि बसायचं, बस. आमच्याकडे लूमवरचे कामगार येतात, प्राध्यापक येतात, परवा एक पुजारी आले होते.

टॉवेलवाली_सोलापूर

रात्रपाळी दादा, जेवण जातं, निम्मं. तसले विचार नाहीत. पहाटे चारला तुमच्या १४४१६ वर फोन केला. पलीकडच्या बाई घाईत नव्हत्या. आधी बराच वेळ मला बोलताच येईना, तर त्याही गप्प राहिल्या. मंगळवारी ओपीडीत जातेय, काकू येतायत सोबत.

मावशी, हो, फेकलं. मनुका बियांच्या घ्यायच्या की बिनबियांच्या? पप्पांच्या डब्यातल्या संपत आल्यात.

पनवेलची_मावशी

बियांच्याच. आणि गाळताना पिळू नकोस फार, कडवट होतं. मंगळवारचं कळव.